हिवाळ्यातील घरची झाडे व संक्रांतीचे वाण

दिवाळी उलटली, कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली व पहाटेच्या वाऱ्यास धार आली म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुष्कळ घरी एक गोष्ट न चुकता घडते. अंगणातील तुळस पाने टाकू लागते, पानओवा काळवंडतो, मनी प्लांटची वेल मलूल होते. आणि घरचा कर्ता पुरुष 'थंडीने गेली, आता पावसाळ्यात पाहू' असे म्हणून कुंडी उपडी करून ठेवतो. पावसाळ्यात नवे रोप येते, ते बहुधा नर्सरीवाल्याच्या हातगाडीवरून पैसे मोजून. आमचे म्हणणे असे की, ही झाडे थंडीने थोडी व आपल्या गैरसमजुतीने पुष्कळ मरतात. आणि ज्या वस्तीत एकमेकांस रोप देण्याची चाल जिवंत आहे, तेथे एका घरचे झाड मेले तरी ते वस्तीतून जात नाही. ह्या दुसऱ्या गोष्टीविषयी आज विशेष लिहावयाचे आहे. कारण ती चाल मोडत चालली आहे, व तिच्या मोडण्यात आमच्याही घरचा हात आहे.

शेतकी मासिकात कुंड्यांची चर्चा कशास, असा प्रश्न आमचे काही सभासद करतील. आमची सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पिकाखालील क्षेत्र आरपर्यंत लिहिलेले असते, विहीर व बोअर यांचीही नोंद असते. परंतु सपरीतील कुंडीस रकाना नाही. तथापि कित्येक घरांत बाईच्या स्वतःच्या सत्तेची शेती म्हणून जी काय असते ती तेवढीच असते. तिच्यातून खोकल्यास पानओवा मिळतो, चहास गवती चहा मिळतो, भाजल्यास कोरफड मिळते व रोज सकाळी पाणी घालावयास एक जिवंत वस्तू मिळते. एवढ्यावरून ह्या विषयास चार पाने देण्यास हरकत नसावी.

प्रथम थंडीचा विचार करू. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर आहे. मार्गशीर्ष-पौषात येथील रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरतो. बर्फाळ देशांतील लोकांस ही थंडी हास्यास्पद वाटेल. परंतु तुळस, नागवेल, पानओवा, मनी प्लांट ही सारी उष्ण प्रदेशाची लेकरे आहेत. पान गोठण्याची वाट न पाहताच ती ह्या थंडीत आजारी पडतात. त्यांची मुळे पाणी ओढण्याचे काम मंद करतात व वाढ थांबते. शेतातील झाडाच्या मुळांस जमिनीची ऊब असते. कुंडीतील मुळांस मात्र थंडी चहूबाजूंनी भिडते. शिवाय हिवाळ्यात आकाश निरभ्र असते. अशा रात्री पानांतील ऊब उघड्या आकाशाकडे निघून जाते व पान भोवतालच्या हवेहूनही थंड होते. म्हणून तीच कुंडी चार हात सरकवून कवेलूच्या वळचणीखाली आणली तर तगते, व उघड्या अंगणात राहिली तर झडते. पत्र्याचे छप्पर मात्र स्वतःच रात्री गार पडते. त्याच्याखाली ठेवावयाचे असल्यास वर गोणपाटाचा आडोसा करावा.

आता ऊन. यवतमाळचे अक्षांश उत्तरेस सुमारे २०.४ आहेत. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४६ अंशच वर असतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात तो थेट डोक्यावर येतो. अर्थात जी दक्षिणेकडील सपरी उन्हाळ्यात सावलीत असते, तिच्यातच हिवाळ्यात ऊन आत खोल शिरते. झाडे घरात घ्यावयाची तर तीच जागा उत्तम. दक्षिणेचे दार अशुभ मानून पुष्कळांनी ती बाजू बुजवून टाकली आहे. झाडांस हा शास्त्रार्थ ठाऊक नाही, व ज्यांच्या घरास दक्षिणेची एक खिडकी राहिली आहे त्यांची झाडे सुखी असतात, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

पाण्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हिवाळ्यात कुंडीतील झाडे जितकी पाण्याने मरतात तितकी दुसऱ्या कशानेही मरत नाहीत. उन्हाळ्यात जो तांब्या रोज घालावा लागतो तोच आपण सवयीने पौषातही घालतो. झाड पीत नाही, माती गार चिखल होऊन राहते, मुळे कुजतात व वरून पाने सुकतात. पाने सुकलेली पाहून गृहिणी आणखी एक तांब्या घालते. त्यात आपली काळी जमीन! कापसास ती सोन्याची, परंतु कुंडीत ती ओली असता फुगून हवा कोंडते व वाळली म्हणजे भेगाळून मुळे तोडते. म्हणून कुंडीसाठी एक वाटा काळी माती, एक वाटा नाल्याची रेती व एक वाटा चांगले कुजलेले शेणखत, असे मिश्रण घ्यावे. पाणी देण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे; आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. द्यावयाचे ते ऊन वर आल्यावर, सकाळी नऊ-दहा वाजता द्यावे. टाकीतील पाणी रात्रभर गार झालेले असते. विहिरीचे वा बोअरचे ताजे पाणी त्या मानाने कोमट असते, ते बरे. खत माघ संपेपर्यंत देऊच नये.

तुळशीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती थंडीने खंगते हे खरे. पण मंजिऱ्या पिकून बी धरले म्हणजे तिचा जोर आपोआपच ओसरतो. आपण कार्तिकात तिचे लग्न थाटाने लावतो, आणि लग्न लागले की तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडल्या, एकदोन तेवढ्या बियांकरिता राखल्या व रात्री कुंडी आडोशास घेतली तर तीच तुळस पुढच्या पावसाळ्यापर्यंत नेता येते. राखलेले बी कागदात बांधून ठेवावे व फाल्गुन-चैत्रात ऊब आल्यावर टाकावे. पौषात टाकलेले बी बहुधा रुसून बसते.

येथपर्यंत जे लिहिले ते सोपे आहे. अवघड प्रश्न जागेचा आहे, व तो आमच्या जिल्ह्यात कापसाशी बांधलेला आहे. घरकुल योजनेतील घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकघर धरून २५ चौरस मीटर. त्यात माणसे, भांडी, धान्याची कोठी, आणि हिवाळ्यात कापूस. सन २०२२ मध्ये कापसाचा भाव क्विंटलला १० हजार रुपयांच्या वर गेला होता. त्या आठवणीने २०२२-२३ च्या हंगामात हजारो शेतकऱ्यांनी तोच भाव पुन्हा येईल म्हणून कापूस घरात राखून ठेवला. भाव आला नाही. पुष्कळ घरी होळीपर्यंत व त्यापुढेही कापूस आढ्यापर्यंत रचलेला होता. माणसे स्वयंपाकघरात निजत होती व मुलांच्या अंगास खाज सुटली होती. अशा घरात कुंडी आत घ्या असे सांगणे म्हणजे थट्टाच होय.

आमच्याही सपरीत त्या वर्षी आमच्या व भावाच्या शेतांचा मिळून एकवीस क्विंटल कापूस होता. दक्षिणेची खिडकी कापसाने झाकली गेली. आमच्या आईच्या हातची म्हणून सांभाळलेली काळी तुळस, दरवर्षी तिचेच बी टाकून वंश चालविलेली, अंगणात उघड्यावर राहिली व पौषात गेली. बी राखावयाचे त्या धांदलीत कोणासही सुचले नाही. आमच्या मंडळींनी दोन दिवस काही बोलून दाखविले नाही, पण रिकाम्या वृंदावनापुढे दिवा मात्र लावला.

चैत्रात मागील गल्लीतील एक बाई दाराशी आल्या. त्यांच्या हातात करवंटीत लावलेले काळ्या तुळशीचे रोप होते. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळींनी त्यांस मूठभर मंजिऱ्या दिल्या होत्या. दिल्याचे आमच्या घरी कोणाच्याही लक्षात नव्हते. 'काकू, हे तुमच्याच घरचं हाये,' एवढेच त्या म्हणाल्या. ह्या बाईंच्या यजमानांनी कर्जापायी जीव दिला आहे. अशा कुटुंबास १ लाख रुपये साहाय्य देण्याचा शासननिर्णय २००५ सालचा. त्यात ३० हजार हाती व ७० हजार ठेवीच्या रूपाने मिळतात. तत्पूर्वी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवावे लागते. त्या चौकशीचे कितीतरी कागद कचेरीत आमच्या हातून गेले आहेत, त्यांच्याही घरचे गेले. ते सांगण्याचे कारण इतकेच की, आम्ही त्यांस नावाने, गटनंबराने व कर्जाच्या आकड्याने ओळखत होतो. आणि तरीही आमच्या घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास त्यांस कधी बोलावणे गेले नव्हते. रोप हाती घेताना ही गोष्ट आम्हांस आठवली व फार लाज वाटली.

ह्या प्रसंगावरून रोप देण्याविषयी आमचे जे मत बनले ते असे. आपल्याजवळील झाडाचे रोप दुसऱ्यास देणे हा उपकार नव्हे. ती स्वतःच्या झाडाची राखण आहे. पाच घरी गेलेले झाड चार घरी मेले तरी पाचव्या घरून परत येते. शेतकरी बियाण्याच्या बाबतीत हे पूर्वापार जाणत आला आहे. वालाचे, अंबाडीचे, घरच्या भोपळ्याचे बी ह्याच रीतीने टिकले.

परदेशातही असे दाखले आहेत. गोल, नाण्यासारख्या पानांचे पायलिया नावाचे एक चिनी झाड हल्ली शहरांतील नर्सऱ्यांत मोठ्या किमतीस विकले जाते. युद्धाच्या धामधुमीत, १९४५ च्या सुमारास, एस्पेग्रेन नावाच्या नॉर्वेच्या मिशनऱ्याने चीनच्या युन्नान प्रांतातून त्याचे रोप घेतले. आपल्या हिंदुस्थानमार्गे ते १९४६ मध्ये नॉर्वेस पोहोचले. त्यांनी त्याच्या बगलेतील पिले ओळखीच्यांस वाटली, त्यांनी आपल्या ओळखीच्यांस. पुढे कित्येक वर्षे त्या देशांतील घरोघरच्या खिडक्यांत, बाहेर बर्फ पडत असता, हे झाड शेजारधर्मावर वाढत होते. आणि हे कोणते झाड व आले कोठून, ह्याचा उलगडा विलायतेतील शास्त्रज्ञांस १९८० नंतर झाला. शाकुंतलाची थोरवी गाणारा जर्मन कवी गटे ह्यास आपल्या पानफुटीचे मोठे कौतुक होते. पानाच्या कडेवर फुटणारी तिची पिले तो मित्रांस भेट म्हणून देत असे. ती पानफुटी आमच्या इकडे परसात बेवारस उगवते, म्हणून तिची किंमत नाही.

आमच्याकडे मात्र एक विचित्र समजूत रूढ झाली आहे की, मनी प्लांट चोरून आणलेलाच फळतो. कोणी मागितला तर द्यावयाचा नाही व आपल्यास हवा असेल तर रात्री तोडून आणावयाचा! समजूत कोणी काढली असेल ती असो. त्या वेलीचे एक पेर पाण्यात ठेवले तरी मुळ्या फुटतात. चोरीचे असो की मागितलेले, पेर तेच. लहान मुलांच्या घरी मात्र ती हातास येईल अशी ठेवू नये, पान चावल्यास तोंडाची आग होऊन सूज येते. नर्सरीवाल्यांचा दुसरा मंत्र असा की, अमुक झाड खोलीची हवा शुद्ध करते. ह्याचा उगम अमेरिकेतील नासा संस्थेच्या १९८९ मधील प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान बंद पेट्यांत केलेले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात असे दिसून आले की, उघड्या खिडकीने घराची हवा जितकी स्वच्छ होते तितकी करण्यास झाडांचे जंगलच घरात लावावे लागेल. झाड घरात ठेवावे ते आवडते म्हणून, उपयोगी पडते म्हणून. हवेसाठी खिडकी उघडावी.

आता आमची सूचना. आपल्याकडे मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू होऊन वाण लुटतात. हल्ली त्यात प्लास्टिकची डबी, चाळणी, साबणदाणी असल्या वस्तू येतात, व दोन वर्षांत त्या उकिरड्यावर दिसतात. त्याऐवजी घरी तयार केलेले रोप वाण म्हणून द्यावे. काही ठिकाणी अशी सुरुवात झालेली आहे, परंतु बहुधा रोपे विकत आणून, किंवा संक्रांतीच्या आठवड्यात फांद्या तोडून मातीत खोचून. त्या फांद्या जगत नाहीत, कारण पौषाच्या गारठ्यात मुळ्या फुटत नाहीत. आणि मग 'आमच्या हाताला झाडच लागत नाही' असे म्हणून ती बाई पुन्हा कधी लावीत नाही. कामास आरंभ कोजागरीस केला पाहिजे. आश्विनात हवेत ऊब असते. त्या वेळी पानओव्याची बोटभर फांदी ओल्या रेतीत खोचली तर दोनतीन आठवड्यांत मुळ्या धरते. कोरफडीची पिले वेगळी करावी, गवती चह्याच्या ठोंबाचे तुकडे करावे, पानफुटीचे पान नुसते मातीवर टाकावे. कोजागरीपासून संक्रांतीपर्यंत सुमारे तीन महिने मिळतात. करवंटीतील रोपास जागा वीतभर लागते. कापूस असला तरी खिडकीच्या फळीवर सात-आठ सहज मावतात.

ह्यात दोन गोष्टींविषयी कळकळीची विनंती आहे. पहिली, कीटकनाशकाचा रिकामा डबा वा कॅन रोपासाठी कदापि घेऊ नये. आम्ही गावोगाव असे डबे कापून, रंगवून सपरीत टांगलेले पाहिले आहेत, व त्यांतून पानओवा खुडून मुलांस दिलेलाही पाहिला आहे. सन २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने ह्याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली व शेकडो दवाखान्यात पडली. ते औषध धुऊन जाते असे अजूनही कोणास वाटत असेल तर नवल आहे. असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावे असा कीटकनाशक नियमांतही स्पष्ट दंडक आहे. करवंटी, फुटका माठ, गोडेतेलाचा डबा ही भांडी कोठे कमी पडली? बुडास भोक मात्र पाडावे. दुसरी गोष्ट पिठ्या ढेकणाची. जास्वंद ही कापसाच्याच कुळातील. कपाशीवरील पिठ्या ढेकूण तिच्यावर आनंदाने राहतो व घरात आल्यावर बाकीच्या झाडांवरही पसरतो. रोप देण्यापूर्वी पानांची पाठ व पेरांच्या बगला पाहाव्या. पांढरे पीठ दिसल्यास साबणाच्या पाण्याने पुसून काढावे. घेणाऱ्यानेही पंधरा दिवस ते इतर झाडांपासून दूर ठेवावे. शेतातील औषध घरातील कुंडीवर मारण्याचा मोह कोणी करू नये.

शेवटचा मुद्दा काहींस रुचणार नाही. वाण सवाष्णीसच द्यावयाचे, हा रिवाज आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांसंबंधीच्या जाचक चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. परिपत्रकाने रिवाज मोडत नाहीत, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असेल? आम्ही अशी परिपत्रके नस्तीस लावण्यातच उभी हयात घालविली. परंतु आमच्या जिल्ह्यात अशा बायका थोड्या नाहीत. ज्या जिल्ह्यात त्यांच्याच हाताने वेचणी, निंदणी व घरची सारी शेती चालते, तेथे त्यांचा हात रोप देण्यास अशुभ कसा, हे आम्हांस कोणी समजावून सांगावे. हळदीकुंकवाविषयी ज्याचा त्याचा भाव राहू द्या. रोपाच्या वाणास तरी ही अट नको.

गेल्या संक्रांतीस आमच्या घरी हे करून पाहिले. त्या बाईंस आमच्या मंडळींनी स्वतः जाऊन बोलावले. त्या पहिल्या वेळी आल्या नाहीत. 'उगाच बोलणं नको व्हायला' असे म्हणाल्या. दुसऱ्या निमंत्रणास आल्या, दाराशीच बसल्या, व येताना आपल्याकडील गवती चह्याचे दोन ठोंब घेऊन आल्या. आमच्या नात्यातील एक वृद्ध बाई उठून गेल्या हेही लपवीत नाही. बाकीच्या बसल्या. अकरा करवंट्या वाटल्या गेल्या. त्यांपैकी उन्हाळ्याअखेर सात जिवंत होत्या, दोन आमच्याच चुकीच्या मातीने गेल्या, व दोन घरांनी अद्याप खरे सांगितलेले नाही. काळ्या तुळशीचे बी यंदा चार घरी आहे. ज्या सभासदांस हवे असेल त्यांनी फाल्गुनापूर्वी सोसायटीच्या कचेरीत निरोप ठेवावा. कागदाच्या पुडीत बांधून देऊ.